नास्तिकाचा रकाना

ब्रिटिश नागरिकत्वाचा समारंभ ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना तिथला एक छोटा प्रश्न आठवत असेल. शपथ घेणार की प्रतिज्ञा करणार? शपथ घेतलीत तर सर्वशक्तिमान ईश्वराला साक्षी ठेवून निष्ठेचं वचन द्यायचं. प्रतिज्ञा केलीत तर वचन तेच, फक्त त्यात ईश्वराचं नाव नाही. ज्युरीच्या कामाचं बोलावणं आलं तर कोर्टातही हीच निवड समोर येते. आपल्यापैकी बरेच जण शेजारच्याने जे सांगितलं तेच सांगून मोकळे होतात. पण ही निवड तुमच्यामाझ्यापर्यंत पोचावी म्हणून एका माणसाला, पुन्हा पुन्हा निवडून येऊनही, पार्लमेंटमधल्या आपल्या खुर्चीसाठी सहा वर्षं झगडावं लागलं होतं.

त्याची गोष्ट पुढे येईलच. आधी ज्या वादासाठी ती सांगायची, तो वाद. गणपतीच्या आरतीला मागे उभ्या राहिलेल्या, टाळी न वाजवणाऱ्या पुतण्याला काका म्हणतात, "अरे, तुझी ही नास्तिकता म्हणजे पण एक धर्मच की!" पुतण्या म्हणतो, "छे, मी फक्त मानत नाही. न मानणं हा धर्म कसा होईल?" दोघंही आपापल्या जागी ठाम राहतात आणि मोदक गार होतात. मँचेस्टर असो की मुलुंड, हा प्रसंग तुम्ही पाहिलेला असणार.

नास्तिकता हा धर्म की नुसता श्रद्धेचा अभाव, हा प्रश्न आपण तत्त्वज्ञानाचा समजतो. ब्रिटनचा इतिहास वाचताना मला तो वेगळाच दिसत गेला. या देशात तो प्रश्न कधी हवेत विचारला गेला नाही. तो कुठल्या ना कुठल्या खिडकीवर विचारला गेला: कोर्टात साक्ष देताना, खासदार म्हणून शपथ घेताना, मृत्युपत्र करताना, करसवलत मागताना, मुलाला शाळेत घालताना. प्रत्येक खिडकीवर उत्तर वेगळं मिळालं. आणि गंमत अशी, की आज "आमचा फक्त अभाव आहे" असं जे नास्तिक सांगतात, त्यांच्या खापरपणजोबांना नेमक्या याच शब्दांनी कोर्टाबाहेर काढलं जात होतं.

ब्राह्मणाचे पाय आणि इंग्रज कोर्ट

१७४४ साली लंडनच्या चॅन्सरी कोर्टापुढे कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याचा दावा आला: ओमिचंद विरुद्ध बार्कर. ओमिचंदच्या बाजूच्या साक्षीदारांच्या जबान्या कलकत्त्यात नोंदवल्या होत्या. हे साक्षीदार हिंदू. बायबलवर हात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणे ब्राह्मणाच्या पायाला हात लावून शपथ घेतली होती. इंग्रज कोर्टाने अशी साक्ष मानावी का? लॉर्ड चान्सलर हार्डविक यांनी मानली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: शपथेचा बाहेरचा विधी देशोदेशी बदलतो, त्याला फारसं महत्त्व नाही. साक्षीदार ईश्वर मानतो ना, आणि खोटं बोललं तर तो ईश्वर शिक्षा करील असं मानतो ना, एवढं पुरे.

निकाल उदारच होता. पण त्याने एक रेघ ओढली. कुठलाही देव चालेल, पण देव हवा. ब्राह्मणाच्या पायाला हात लावणारा हिंदू इंग्रज कोर्टात चालू लागला, आणि कुठलाच देव न मानणारा इंग्रज त्यानंतर सव्वाशे वर्षं चालला नाही. १८६१ साली 'मेडन विरुद्ध कॅटनॅक' या खटल्यात एका विवाहित स्त्रीने प्रामाणिकपणे सांगितलं, की ईश्वरावर आणि परलोकातल्या शिक्षेवर आपला विश्वास नाही. तिची साक्ष नाकारली गेली. दाव्यात दुसरा साक्षीदार नव्हता, त्यामुळे दावाही गेला. तिच्या मालमत्तेचा प्रश्न होता, आणि तो तिच्या परलोकाविषयीच्या मतावर निकालात निघाला.

जॉन स्टुअर्ट मिलने 'ऑन लिबर्टी' या १८५९ च्या पुस्तकात अशाच काही प्रकरणांवर बोट ठेवलं आहे. त्याचा युक्तिवाद साधा होता. या नियमाने कोण अडतो? जो नास्तिक आपली नास्तिकता उघड सांगतो, तोच. जो खोटी शपथ घ्यायला तयार आहे, तो सुखाने साक्ष देतो. म्हणजे खरेपणाची खात्री करायला बनवलेला नियम खऱ्या माणसालाच बाहेर ठेवतो. हाच मिल पुढे पुण्यात आगरकरांच्या पिढीने वाचला, आणि 'सुधारक'मधल्या बुद्धिवादामागे त्याचा हात आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. इंग्लंडमध्ये साक्षीचा कायदा बदलला तो १८६९ आणि १८७० मध्ये.

इथे जरा थांबून पाहा. या सगळ्या काळात नास्तिकतेला 'अभाव' कोण म्हणत होतं? कायदा म्हणत होता. नास्तिक म्हणजे ज्याच्यात काहीतरी कमी आहे असा माणूस. देवाचं भय नाही, म्हणून वचनाला बांधता येत नाही, म्हणून साक्षीला अपात्र. 'अभाव' हे तेव्हा तत्त्वज्ञानातलं वर्णन नव्हतं, ते दोषारोपपत्र होतं.

दोन मित्र, दोन उत्तरं

म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या काही ब्रिटिश नास्तिकांना 'आमच्याकडे काहीतरी आहे' हे दाखवण्याची निकड वाटली. जॉर्ज जेकब होलिओक त्यांतला पहिला. १८४२ साली चेल्टनममधल्या व्याख्यानानंतर श्रोत्यांतून आलेल्या एका प्रश्नाला त्याने देवाविषयी फटकळ उत्तर दिलं आणि ईश्वरनिंदेखाली सहा महिन्यांचा तुरुंगवास ओढवून घेतला. तो तुरुंगात असताना त्याची लहान मुलगी वारली. या माणसाने १८५१ मध्ये 'सेक्युलॅरिझम' हा शब्द घडवला. देव आहे की नाही हा वाद बाजूला ठेवा, या जगातलं माणसाचं भलं या जगातल्या साधनांनी करा, हा त्याचा अर्थ. आपल्या संविधानामुळे जो शब्द आपण रोज वापरतो आणि ज्यावर रोज भांडतो, तो मुळात 'नास्तिक' या शब्दाला चिकटलेला कलंक टाळण्यासाठी जन्माला आला होता.

चार्ल्स ब्रॅडलॉला ही पळवाट वाटली. १८६६ साली नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन करणारा हा धिप्पाड, गडगडाटी आवाजाचा वक्ता स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवत असे. त्याची व्याख्या मात्र काटेकोर होती. देव नाही असं मी छातीठोकपणे सांगत नाही. तुम्ही देव म्हणता तेव्हा नेमकं काय म्हणता याचा मला बोधच होत नाही, आणि ज्याचा बोध होत नाही ते मी कसं मानू, असं त्याचं म्हणणं. आजच्या पुतण्याचं उत्तर ते हेच. १८७० साली लंडनमध्ये होलिओक आणि ब्रॅडलॉ यांचा या विषयावर जाहीर वाद झाला. एक म्हणत होता, आपला विचार नास्तिकतेवाचून स्वतःच्या पायावर उभा आहे. दुसरा म्हणत होता, तो प्रामाणिकपणे पुढे नेला तर नास्तिकतेपाशीच पोचतो. नास्तिकता म्हणजे रिकामी जागा की भरलेली, हा वाद नास्तिकांच्या घरातच दीडशे वर्षं जुना आहे.

१८८० च्या एप्रिलमध्ये ब्रॅडलॉ नॉर्दॅम्प्टनमधून खासदार म्हणून निवडून आला. त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची परवानगी मागितली. समितीने नाकारली. मग तो म्हणाला, ठीक आहे, शपथ घेतो. त्यावर सभागृह म्हणालं, तुझ्या लेखी त्या शब्दांना अर्थच नाही, तेव्हा शपथही घेता येणार नाही. प्रतिज्ञा नाही, कारण तू क्वेकर वगैरे धर्मपंथांतला नाहीस. शपथ नाही, कारण तू नास्तिक आहेस. जागा सोडायला त्याने नकार दिला तेव्हा त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात, ज्याला आपण बिग बेन म्हणतो तिथे, एक रात्र कोंडून ठेवलं. मध्यंतरी काही महिने त्याला प्रतिज्ञेवर बसू दिलं, पण कोर्टाने ते बेकायदा ठरवलं आणि जागा रिकामी झाली. नॉर्दॅम्प्टनच्या मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडून दिलं. ऑगस्ट १८८१ मध्ये त्याला पोलिसांनी आणि शिपायांनी अक्षरशः उचलून बाहेर टाकलं. नंतरच्या निवडणुकाही तो जिंकत राहिला.

१८८३ मध्ये ग्लॅडस्टनने प्रतिज्ञेला मुभा देणारं विधेयक आणलं. ग्लॅडस्टन स्वतः अतिशय धार्मिक. तरी त्याचा मुद्दा असा होता, की कुठल्याही धर्माच्या कुठल्याही देवाला मानणारा आत येऊ शकतो हे एकदा मान्य केल्यावर, फक्त 'काहीतरी देव' एवढ्या पातळ अटीने ख्रिस्ती धर्माचं कसलं रक्षण होतं? ओमिचंदच्या खटल्यात ओढलेल्या रेघेवरच त्याने बोट ठेवलं. विधेयक २९२ विरुद्ध २८९ असं तीन मतांनी पडलं. अखेर जानेवारी १८८६ मध्ये नव्या स्पीकरने कोणाचं काही न ऐकता ब्रॅडलॉला शपथ घेऊ दिली, आणि १८८८ मध्ये त्यानेच प्रतिज्ञेचा कायदा संमत करून घेतला.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८९ मध्ये, ब्रॅडलॉ मुंबईला आला. नुकताच मोठ्या आजारातून उठला होता. काँग्रेसचं पाचवं अधिवेशन होतं, अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न, आणि प्रतिनिधींची संख्या योगायोगाने १८८९ च. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानची बाजू मांडणारा म्हणून त्याचं जोरदार स्वागत झालं. पुण्यात 'सुधारक' सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि आगरकर त्यांच्या मतांपायी सनातन्यांचा रोष झेलत होते. याच आगरकरांनी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहिली. जानेवारी १८९१ मध्ये ब्रॅडलॉ गेला. ब्रुकवुडच्या दफनभूमीत कोणत्याही धार्मिक विधीविना त्याला निरोप देण्यात आला. तिथे जमलेल्यांत लंडनमधले हिंदी विद्यार्थी होते, आणि त्यांच्यात कायद्याचा अभ्यास करणारा एकवीस वर्षांचा मोहनदास गांधीही होता.

मुलगी आणि मृत्युपत्र

ब्रॅडलॉची लढाई सभागृहातली होती. ॲनी बेझंटची घरातली. आपण तिला होमरूलसाठी आणि थिऑसॉफीसाठी ओळखतो, पण १८७० च्या दशकात ती ब्रॅडलॉची सहकारी आणि इंग्लंडातली नामवंत नास्तिक वक्ती होती. पाद्री नवऱ्यापासून वेगळी झालेली. १८७७ मध्ये या दोघांवर संततिनियमनाची पुस्तिका छापल्याबद्दल खटला झाला. पुढच्या वर्षी कोर्टाने तिची लहान मुलगी मेबल तिच्याकडून काढून घेतली. पुस्तिका हे एक कारण होतं, नास्तिकता हे दुसरं. आईचं प्रेम, मुलीची आबाळ झाली का, हे मुद्दे त्यापुढे टिकले नाहीत. मुलं मोठी झाल्यावर आपणहून आईकडे परतली, पण ती मधली वर्षं कोणी परत दिली नाहीत. 'नुसता अभाव' हा शब्द किती महाग पडू शकतो याचं याहून बोचरं उदाहरण मला माहीत नाही.

मृत्युपत्राची खिडकी १९१७ साली उघडली. चार्ल्स बोमन नावाच्या गृहस्थाने आपली उरलेली मालमत्ता सेक्युलर सोसायटी या नोंदणीकृत कंपनीला ठेवली होती. नातेवाईक कोर्टात गेले: ख्रिस्ती धर्म हा इंग्लंडच्या कायद्याचा भाग आहे, तेव्हा तो नाकारणाऱ्या संस्थेला दिलेली देणगी बेकायदा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचलं आणि नातेवाईक हरले. सभ्य भाषेत ख्रिस्ती धर्म नाकारणं हा गुन्हा नाही, असं वरिष्ठ न्यायालयाने स्पष्ट केलं. नास्तिकांच्या संस्थेला आता पैसे घेता येऊ लागले. मात्र असभ्य भाषेचा गुन्हा शिल्लक राहिला. १९२१ मध्ये जॉन विल्यम गॉट या माणसाला नऊ महिने सक्तमजुरी झाली. ब्रिटनमध्ये ईश्वरनिंदेसाठी तुरुंगात गेलेला तो शेवटचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा गुन्हा कायद्यातून गेला तो थेट २००८ मध्ये.

देवाविना देऊळ

आता काकांची बाजू. ती वाटते तितकी पोकळ नाही. तुम्ही लेस्टरला राहत असाल, तर हंबरस्टोन गेटवरची सेक्युलर हॉलची इमारत पाहिली असेल. १८८१ साली बांधलेली. दर्शनी भागावर पाच मुखवटे आहेत: सॉक्रेटिस, व्हॉल्टेअर, टॉमस पेन, रॉबर्ट ओवेन, आणि पाचवा येशू. नास्तिकांच्या सभागृहावर येशू! त्यांच्या मते तो देवाचा पुत्र नव्हता, पण माणसांचा शिक्षक होता. अशा ठिकाणी रविवारी लोक जमत, व्याख्यान ऐकत, एकत्र गाणी म्हणत, मुलांसाठी रविवारची शाळा चालवत. सेक्युलर मंडळींनी बारसं आणि अंत्यविधी यांसाठी स्वतःच्या संहिताही छापल्या. बाहेरून पाहणाऱ्याला हे देव वजा केलेलं चर्चच वाटे.

लंडनची साउथ प्लेस सोसायटी याहून नमुनेदार. १७९३ मध्ये ती ख्रिस्ती बंडखोरांचा एक पंथ म्हणून सुरू झाली. मग त्रैक्याचा सिद्धान्त सोडला, मग मॉन्क्युअर कॉनवेच्या काळात प्रार्थना सोडली, आणि १८८८ साली स्टँटन कॉइटच्या नेतृत्वाखाली ती नीतिविचाराची सोसायटी झाली. पुढे कॉइटने बेजवॉटरमध्ये रीतसर 'एथिकल चर्च' चालवलं. मानवतावाद हा धर्मच व्हावा अशी त्याची खटपट होती. त्यानेच एकत्र आणलेल्या संस्थांमधून आजची ह्युमनिस्ट्स यूके ही संस्था घडत गेली. साउथ प्लेसवाले मात्र दुसऱ्या वाटेने गेले. लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमधला त्यांचा कॉनवे हॉल १९२९ पासून उभा आहे, आणि तिथल्या रविवारच्या संगीत मैफली अजून चालतात.

१९८० मध्ये या सोसायटीला धर्मादाय संस्थेचा दर्जा हवा होता, म्हणजे करसवलत. तिने कोर्टात मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक असा होता: आमचं काम धर्मप्रसाराचं मानावं. बघा, काळाने कशी कूस बदलली. शंभर वर्षांपूर्वी धर्म नाही म्हणून शिक्षा होत होती. आता धर्माला सवलत आहे म्हणून 'आम्हीही धर्मच' असं म्हणून पाहायचं होतं. न्यायमूर्ती डिलन यांनी ते मान्य केलं नाही. धर्म म्हणजे माणसाचं ईश्वराशी नातं, नीती म्हणजे माणसाचं माणसाशी नातं, आणि या सोसायटीत ना ईश्वर आहे ना उपासना, असा त्यांचा विचार. मग बौद्ध धर्माचं काय? तो बहुधा अपवाद समजावा, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. सवलत मात्र मिळाली, शिक्षण आणि लोकहित या दुसऱ्या दारांनी.

आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला हा 'अपवाद' टोचल्याशिवाय राहणार नाही. १९५६ मध्ये नागपुरात लाखोंनी ज्या धम्माची दीक्षा घेतली, तो इंग्रज कायद्याच्या धर्मव्याख्येत केवळ अपवाद म्हणून बसत होता. ही व्याख्या हळूहळू सैल झाली. २००६ च्या धर्मादाय कायद्याने देव न मानणाऱ्या धर्मांनाही धर्म म्हटलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सायंटॉलॉजीच्या हॉडकिन खटल्यात सांगितलं, की परमेश्वराची अट घातली तर बौद्ध, जैन, ताओ, थिऑसॉफी आणि हिंदू परंपरेचा एक भागही धर्माबाहेर जाईल, आणि हा भेदभाव होईल. देव ही धर्माची अट उरली नाही. पण त्याच निकालाने धर्म म्हणजे निव्वळ ऐहिक नसलेली विचारप्रणाली, अशी दुसरी रेघ ओढली. ब्रॅडलॉ या रेघेच्या पलीकडेच राहतो.

आपला शब्द, आपली खिडकी

मराठीत हा सगळा वाद आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण आपले दोन्ही शब्द वेगळे आहेत. आपल्या जुन्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. जैन आणि बौद्ध म्हणून नास्तिक; पण ईश्वराला जागाच न देणारे मीमांसक आणि निरीश्वर सांख्य आस्तिक. 'धर्म' या शब्दात तर कर्तव्य, आचार, स्वभाव सगळंच येतं. सावरकरांनी १९२३ मध्ये हिंदू कोण याची जी व्याख्या केली, तिच्यात देवावरच्या श्रद्धेची अट नाही. म्हणून 'मी हिंदू नास्तिक आहे' हे वाक्य शिवाजी पार्कात कोणाला अडवत नाही, आणि लंडनमधला सहकारी मात्र ते ऐकून चमकतो.

खिडक्या मात्र आपल्याकडेही होत्या. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं, तर वधूवरांना लेखी द्यावं लागे, की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही. फक्त 'नाही'ची यादी. जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या श्रद्धाळू माणसालाही या यादीवर सही करावी लागे. नागपुरात वकिली करणाऱ्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांची या अटीतून सुटका झाली, आणि १९५४ च्या कायद्याने ती अटच गेली.

२०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण तर लंडनच्या अगदी उलट होतं. तीन जणांनी राज्याच्या शासकीय मुद्रणालयाकडे 'ख्रिस्ती नाही, निधर्मी' अशी नोंद राजपत्रात करण्याची मागणी केली आणि मुद्रणालयाने ती नाकारली. हे तिघं नास्तिक नव्हते. येशूवर त्यांचा विश्वास होता, पण येशूला धर्म स्थापायचा नव्हता असं त्यांचं मत. न्यायालयाने निकाल दिला, की संविधानाच्या २५ व्या कलमातल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताही धर्म नसल्याचं सांगण्याचा हक्कही येतो, आणि कोणाला धर्म जाहीर करायला सरकार भाग पाडू शकत नाही. लंडनमध्ये देवाविना धर्म मागणारे, मुंबईत धर्माविना देव मागणारे. या दोघांना शेजारी बसवलं की काकांचं आणि पुतण्याचं, दोघांचंही समीकरण मोडतं. देव आणि धर्म ही एकाच नाण्याची दोन नावं नाहीत.

मग उत्तर काय?

माझं उत्तर मी एकादशीच्या भाषेत देते. एकादशी न करणं हा काही उपास नव्हे. बुधवारी कोणी जेवलं तर त्याला आपण 'उपास न करण्याचं व्रत' म्हणत नाही. पण आषाढीला सगळ्या घराचा उपास असताना एकाने भात मागितला, की ती भूमिका होते. त्याला कारण विचारलं जातं, त्याच्यासाठी वेगळं पातेलं चढवावं लागतं किंवा चढवलं जात नाही. भात तोच, भूक तीच. बदललं ते भोवतालचं घर. नास्तिकता धर्म नाही, हे पुतण्याचं म्हणणं मला पटतं. पण तिच्यासाठी साक्ष, मुलगी, खुर्ची गमवावी लागते तेव्हा ती नुसता अभावही उरत नाही. किंमत मोजून जपलेली गोष्ट अभाव कशी असेल?

ब्रिटिश कायदा आता साधारण इथेच येऊन पोचला आहे. २०१० च्या समता कायद्यात धर्म या शब्दात धर्म नसणंही धरलं आहे आणि श्रद्धेत श्रद्धा नसणंही. नास्तिकता हा धर्म आहे असं कायदा म्हणत नाही. नोकरीत किंवा सेवेत वागवताना दोघांना एका मापाने मोजा, एवढंच म्हणतो. तत्त्वज्ञान याला गोंधळ म्हणेल. बेझंटबाईंनी याला न्याय म्हटलं असतं.

काही खिडक्या अजून अर्ध्याच उघड्या आहेत. स्कॉटलंडमध्ये २००५ पासून ह्युमनिस्ट लग्नं कायदेशीर आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये तशी मान्यता नसणं भेदभावाचं आहे हे उच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केलं, पण बदल सरकारवर सोपवला. इंग्लंडच्या सरकारी शाळांमध्ये अजून रोजच्या सामूहिक उपासनेचा कायदा आहे, आणि ती प्रामुख्याने ख्रिस्ती वळणाची असावी असं तो म्हणतो. पालक मुलाला त्यातून बाहेर ठेवू शकतात. पण बाहेर ठेवलेलं मूल तेवढा वेळ करतं काय? त्याच्या घरचा विचार म्हणजे नुसती रिकामी जागा असेल, तर ते व्हरांड्यात बसतं. तो विचार शिकवण्याजोगा असेल, तर त्याला अभ्यासक्रमात धडा मिळतो. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने धर्मशिक्षणात निधर्मी विचारांनाही स्थान हवं असं सांगितलं, आणि २०२३ मध्ये केंट कौन्सिलच्या सल्लागार मंडळात ह्युमनिस्ट प्रतिनिधीला 'तुमचा धर्म नाही' म्हणून नाकारणं बेकायदा ठरलं. तुमची मुलं इथल्या शाळेत असतील तर हा वाद तुमच्या दारात आहे, तुम्ही देव्हाऱ्यात दिवा लावत असा किंवा नसा.

राहिला जनगणनेचा फॉर्म. २०२१ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी 'धर्म नाही' या रकान्यात खूण केली. २००१ मध्ये हे प्रमाण १४.८ टक्के होतं. स्कॉटलंडमध्ये २०२२ साली ते ५१.१ टक्क्यांवर गेलं. भारतात २०११ च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारे सुमारे ३३ हजारच होते. हे आकडे पाहून इथे सगळे नास्तिक आणि तिथे सगळे आस्तिक असा निष्कर्ष काढू नका. इथला फॉर्म तुमचा धर्म कोणता असं विचारतो. तुम्ही कुठल्या समाजाचे, हे त्याला हवं आहे. देव मानता का, असं तो विचारतच नाही. म्हणून आरतीला मागे उभा राहणारा पुतण्या 'हिंदू'वर खूण करू शकतो आणि तो खोटं बोलत नसतो. 'धर्म नाही'वर केली तरी खोटं बोलत नसतो. त्याने फक्त समोरची खिडकी कसली आहे, आणि तिथे दिलेल्या उत्तराचा पुढे काय उपयोग होणार आहे, ते पाहून घ्यावं. शाळेतल्या जागा आणि स्थानिक सेवा ठरवताना हेच आकडे पुढे ठेवले जातात.

आणि काकांनी पुढच्या गणपतीत त्याला "तुझाही हा धर्मच" म्हणण्याआधी एकदा ब्रॅडलॉची गोष्ट आठवावी. पार्लमेंटने त्याला सहा वर्षं अडवलं. नॉर्दॅम्प्टनचे मतदार तो काय मानतो हे पुरेपूर जाणत होते, त्यांच्यात चर्चला जाणारेही होते, तरी त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा निवडून दिलं. त्यांच्या लेखी प्रश्न त्याच्या देवाचा नव्हता, त्यांच्या प्रतिनिधीचा होता.